कोल्ह्यांचं देऊळ पाहून आलेली बाई

माझ्या नवऱ्याचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, त्यांच्या ताटात भाजी वाढताना हात आखडावा इतका. बायकांना हेवा वाटतो तो जावेच्या पाटल्यांचा, नाहीतर शेजारणीच्या फ्रिजचा, असं लोक धरून चालतात. माझ्या जावेला पाटल्या होत्या. शेजारणीकडे फ्रिज आला होता आणि ती वाटीत बर्फ घेऊन मला दाखवायलाही आली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मला डाचत होतं ते एवढंच, की माझा नवरा जपानला जाऊन आला आणि मी सांगलीत राहिले.

एकोणीसशे सत्तर उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. हे कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. मालकांनी गिअर कापायचं जपानी यंत्र मागवलं, आणि ते चालवायला शिकण्यासाठी एका माणसाला दोन महिने तिकडे पाठवायचं ठरलं. कारखान्यात इंग्रजी बोलणारे दोघे होते. पण मालकांनी ह्यांना निवडलं, कारण ह्यांचा हात साफ होता. लोखंडावर नुसतं बोट फिरवून अजून किती घासायला हवं ते हे सांगत. त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून हे सरळ स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "अगं, मला जपानला जायचंय. कुठशी आलं ते?"

कुठशी आलं! मी साताऱ्याच्या शाळेत भूगोलात पहिली आलेली मुलगी. लग्नाआधी दोन वर्षं त्याच शाळेत भूगोल शिकवलेला. पुण्याला जाऊन पदवी घ्यायची फार इच्छा होती, पण वडील म्हणाले, नकाशे बघायला पुण्याला कशाला जायला पाहिजे, आपल्या भिंतीवर आहे की एक. मग लग्न झालं. आणि आता ज्या माणसाला जपान कुठं आहे हे ठाऊक नाही तो जपानला निघाला होता. मी परातीतल्या पिठावर बोटानं जपान काढून दाखवला. वर होक्काइडो, मधे होन्शू, खाली शिकोकू आणि क्यूशू. हे वाकून बघत म्हणाले, "लांबडंच दिसतंय की." त्या पिठाच्या मी भाकरी केल्या, आणि त्या दिवशी एकही नीट फुगली नाही.

हे गेल्यावर आठवड्याला एक पत्र यायचं. "इथे थंडी आहे. भात चिकट असतो. यंत्र चांगले आहे. तुम्ही सर्व मजेत असाल." मिरजेहून लिहिलं असतं तरी चाललं असतं असं पत्र. मी उलट विचारायची, डोंगर कसे आहेत, माती कुठल्या रंगाची, समुद्र दिसतो का, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत का. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "मातीकडे लक्ष गेले नाही. पुढे बघून कळवतो." मी ते पत्र चुरगळलं. मग जतहून आलेल्या सासूबाईंना वाचून दाखवायचं राहिलंय हे आठवलं आणि मांडीवर घालून पुन्हा सरळ केलं.

हे परत आले ते गळ्यात कॅमेरा घालून. तिथल्या कारखान्यातल्या एका वयस्कर साहेबांचा ह्यांच्यावर जीव जडला होता, त्यांनी आपला जुना कॅमेरा ह्यांना दिला होता. पेटीत स्लाईडींचे चार डबे होते. तीन डब्यांत यंत्रं, यंत्रांचे दात, यंत्रांचे पाय. चौथ्या डब्यात बत्तीस स्लाईडी होत्या आणि त्या एका देवळाच्या होत्या. रविवारी सुट्टी म्हणून ते साहेब ह्यांना आगगाडीनं जवळच्या गावी एका शिंतो देवस्थानाला घेऊन गेले होते. शिंतो म्हणजे तिथला जुना धर्म, डोंगर, झाडं, पाऊसपाणी यांचे देव मानणारा. हा देव तांदळाचा, पिकपाण्याचा, आणि कोल्हे त्याचे निरोपे. जागोजागी दगडी कोल्हे बसवलेले, गळ्यात लाल फडकी बांधलेली, एकाच्या तोंडात भाताची लोंबी, एकाच्या तोंडात किल्ली.

सासूबाईंनी स्लाईड उजेडाला धरून एक डोळा मिटून पाहिली. "आगं बया! कोल्ह्याला पुजत्यात? आमच्याकडं कोंबड्या न्हेतोय त्यो." पण मग स्लाईड पदरानं पुसून डब्यात ठेवत म्हणाल्या, "काय का असंना, पोरगं समुद्रापलीकडच्या देवाला जाऊन आलंय. मावंदं घालाया पायजे."

काशीयात्रा करून आलेला माणूस गंगेचं पाणी पुजतो आणि जेवण घालतो, ते मावंदं. आल्यागेल्यानं त्याच्या पाया पडायचं, म्हणजे यात्रेचं थोडं पुण्य आपल्यालाही लागतं. हे म्हणाले, अगं आई, मी यंत्र शिकायला गेलो होतो. सासूबाईंनी ऐकलं नाही. गंगेच्या जागी पाटावर ह्यांनी त्या देवळातून आणलेला ताईत ठेवला, लाल रेशमी कापडाची पिटुकली पिशवी, ती उघडायची नसते. मी पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. मग सगळे रांगेनं ह्यांच्या पाया पडले. माझ्या धाकट्या दिरानं पाय धरले, शेजारच्या पेन्शनर काकांनीही वाकल्यासारखं केलं. शेवटी सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही पडले. कपाळ टेकवताना ह्यांच्या पायात नवे जपानी मोजे दिसले आणि माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

त्यानंतर मी ह्यांना सोडलं नाही. रोज संध्याकाळी चहा देऊन समोर बसायची आणि पोलिसासारखी जबानी घ्यायची. स्टेशनातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला काय? कमानी लाकडी की दगडी? घंटेचा दोर कशाचा? ह्यांना जे दिसलं होतं ते ह्यांच्या डोक्यात कुठं तरी पडून होतं, फक्त काढायला माणूस हवा होता. हळूहळू निघालं. स्टेशनासमोर अरुंद गल्ली, तिथं कोळशावर तांदळाच्या चकत्या भाजतात आणि वरून काळा खारट रस्सा लावतात, त्याचा वास लांबवर येतो. मग पहिली मोठी लाल कमान, शेंदरापेक्षा जरा पिवळट. पुढं डोंगर चढत जाणारी कमानींची रांग, एकीला एक खेटून, आतून चालताना अंगावर लाल उजेड पडतो. प्रत्येक कमान कुणी तरी नवस फेडायला उभारलेली, मागच्या बाजूला नाव कोरलेलं. देवासमोर दोर ओढून घंटा वाजवायची, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मग पुन्हा एकदा वाकायचं. आत मूर्ती दिसत नाही. कागदावर भविष्य निघतं, वाईट निघालं तर कागद तिथंच दोरीला बांधून टाकायचा, घरी आणायचा नाही. वर डोंगरावर चहाचं दुकान आहे आणि तिथून खाली सगळं गाव दिसतं, काळी कौलं, मधून जाणारी नदी, पलीकडे धुरकट डोंगर.

"आणि माती?" मी विचारलं.

"काळपट," हे विचार करून म्हणाले. "ओली. पाइनच्या पानांखाली होती."

एवढं सांगितल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं. हे सगळं ह्यांच्या पायाखालून गेलं होतं आणि ह्यांना ते आठवायला मी लागत होते.

एक गोष्ट ह्यांनी शेवटी शेवटी सांगितली, तीही मान खाली घालून. देवळाच्या अलीकडे दगडी हौद आहे. त्यात बांबूच्या नळीतून पाणी पडतं आणि काठावर लांब दांड्याच्या लाकडी पळ्या ठेवलेल्या असतात. पळीनं पाणी घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची, मग देवाकडे जायचं. ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. देवळाच्या दारात पळी आणि पाणी दिसल्यावर आपला माणूस काय करणार? ह्यांनी उजव्या तळहाताची वाटी करून तीर्थ घेतलं, तीनदा प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. आसपासची माणसं बघायला लागली. ते साहेब शेजारी उभे होते. त्यांनी पळी उचलली, हातावर पाणी घेतलं, ह्यांच्यासारखंच तीनदा प्यायले आणि आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. खरा प्रकार ह्यांना दोन दिवसांनी कारखान्यात कळला.

"कुणाला सांगू नको," हे म्हणाले. "लोक हसतील."

मी सांगितलं नाही. वर्षभर तरी नाही.

पुढं त्या बत्तीस स्लाईडींनी आम्हाला गावोगाव फिरवलं. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे प्रोजेक्टर होता, तो मिळायला लागला. आज कारखान्यात, उद्या गणपतीच्या मंडळात, मग एखाद्या शाळेत, जतला सासूबाईंच्या गावी देवळाच्या भिंतीवर. प्रोजेक्टरच्या मागं मी बसायची आणि हे पडद्याच्या शेजारी उभे राहायचे. ह्यांचं व्याख्यान म्हणजे, "ही कमान. ही पण कमान. हे कोल्हं." मी अंधारातून कुजबुजायची, "लोंबी सांगा, लोंबी." मग हे म्हणायचे, "त्याच्या तोंडात लोंबी हाय." हळूहळू मीच सांगायला लागले आणि हे काठीनं दाखवायला. तरी शेवटी हार ह्यांच्या गळ्यात. ते बरोबरच होतं, गेले होते तेच. पण "तुमच्या मिस्टरांनी जग बघितलं हं" असं कुणी म्हटलं की माझे कान तापायचे. प्रोजेक्टरचा दिवा इतका तापायचा की त्याला हात लागला की फोड यायचा; मला बरेच फोड आले त्या वर्षी.

साताऱ्याला माहेरीही कार्यक्रम झाला. वडिलांनी स्वतः ह्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि जमलेल्या चाळीस-पन्नास माणसांना सांगितलं, "जावईबापूंनी घराण्याचं नाव काढलं." मी वायर गुंडाळत होते. वडिलांनी मला हाक मारली. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. ते म्हणाले, "अगं, पाहुण्यांना चहा बघ." मी चहा बघितला. त्या रात्रभर मी वडिलांशी बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग विट्याचं बोलावणं आलं. तिथल्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्यांना काही तरी वेगळं हवं होतं. सांगलीला जपान पाहून आलेलं कुणी आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. बरोबर दोन दिवस आधी ह्यांना गालगुंड झालं. एवढा थोराड माणूस, गाल सुजून कानाला लागले होते आणि डोक्यावरून मफलर बांधलेला. बोलता येईना. पाटी घेऊन हे लिहून म्हणाले, "तू जा. तुलाच सगळं येतं." त्यातही मला राग आला. ते इतकं सहज देऊन टाकताना ह्यांना काहीच वाटत नव्हतं.

मी प्रोजेक्टर आणि डबा घेऊन एसटीत बसले. तासगाव मागं पडल्यावर मी डबा मांडीवर उघडला. बत्तिसातल्या दोन स्लाईडींत हे स्वतः होते, एकीत कमानीखाली ताठ उभे, दुसरीत चहाच्या दुकानात पेला धरून. त्या साहेबांनी काढलेल्या. मी त्या दोन काढल्या आणि रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवल्या. त्या जरा धूसर आल्या आहेत असं मी मनाशी म्हटलं. त्या मुळीच धूसर नव्हत्या.

विट्याच्या पुरुषांचा मोठा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा. त्यासाठी ते लांब लांब जातात. बंगालात, केरळात, पंजाबात, जिथं सराफा असेल तिथं विट्याचा माणूस असतो. त्या दुपारी शाळेच्या वर्गात जमलेल्या साठ-सत्तर बायकांत निम्म्यांचे तरी नवरे असे लांब होते. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. अध्यक्षीणबाई मला बघून थबकल्या. "आम्हाला वाटलं होतं पुरुषमाणूस असेल," त्या म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत वळून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, जपानला जाऊन आलेल्या पाहुण्या बाईच आहेत बरं का!"

वर्गात जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. टाळ्या नव्हत्या, सगळ्यांनी एकदम श्वास घेतला होता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सरसावून बसल्या. एकीनं कडेवरच्या लेकराला माझ्याकडे बोट दाखवून काही तरी सांगितलं. त्या क्षणी खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी वाकून प्रोजेक्टरचा खटका दाबला.

"मी स्टेशनातून बाहेर पडले," मी म्हणाले, "तर समोर अरुंद गल्ली."

इतकं चांगलं मी कधीच बोलले नव्हते. कोळशाचा वास सांगितला, कमानीतला लाल उजेड सांगितला, दोनदा वाकून दोनदा टाळी वाजवून दाखवली. बायकांनीही वाजवली. त्यांचे प्रश्न येत होते आणि माझी उत्तरं तयार होती. "तुमच्या मालकांनी एकटीला सोडलं व्हय?" सोडलं. "सैपाकाचं काय केलं वं?" सासूबाई आल्या होत्या. "भ्या न्हाई वाटलं?" वाटलं की, पहिले दोन दिवस. खोटं बोलताना घाम फुटतो म्हणतात. मला उलट हलकं वाटत होतं.

मग हौदाची स्लाईड आली. ती मी नेहमी पटकन पुढं ढकलायची. त्या दिवशी माझा हात खटक्यावर थांबला. "इथं माझी फजिती झाली," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तळहाताची वाटी केली, तीनदा प्यायले, डोक्यावरून हात फिरवला. कुणी हसलं नाही. अंधारातून एक आवाज आला, "मग काय करनार, बाई? देवाच्या दारात पळी म्हटल्यावर तीर्थच की." दुसरी म्हणाली, "मी बी पिलीच आसती." आणि त्या साहेबांनीही तसंच केलं हे सांगितल्यावर पुढच्या म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. इथवर कुणाला माझ्याबद्दल शंका असेलही. त्या घोटभर पाण्यानं ती गेली. असली चूक घरबसल्या कुणाला सुचेल?

घोंगड्या काढल्यावर तिळगूळ झाला, ओट्या भरल्या. मग एक बाई पुढं आली. चाळिशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा बावीस वर्षं कोईमतूरला होता. दोन वर्षांतून एकदा यायचा, तो जत्रेला. "न्या म्हटलं की म्हनत्यात, तिथं बघन्यासारखं काय हाय?" ती म्हणाली. "तुमी लय लांब जाऊन आला, बाई. माझ्या डोक्यावर हात ठेवा." आणि तिनं खाली बसून माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिच्यामागं रांग लागली. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पडतात तशा त्या माझ्या पाया पडत होत्या, माझ्यापेक्षा थोरल्यासुद्धा.

पाय मागं घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत. मला बरं वाटलं, इतकं की परतीच्या एसटीत मला हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी हातानंच विचारलं, कसं झालं. "छान झालं," मी म्हणाले. पिशवीतला खण आणि नारळ देवापुढं ठेवला आणि ह्यांची पाठ फिरल्यावर दोन स्लाईडी डब्यात परत घातल्या. सांगायचं रोज मनात यायचं. पण सांगायचं म्हणजे ते सगळं पुन्हा ह्यांना परत द्यायचं, आणि तेवढं माझ्यानं होत नव्हतं.

वैशाखात, एका रविवारी दुपारी, दारात ती कोईमतूरवाली बाई उभी राहिली. अध्यक्षीणबाईंकडून पत्ता घेऊन आली होती. बरोबर पिशवीभर शेंगा. हे घरातच होते, खाटेवर बसून रेडिओ उघडून काही तरी जोडत होते. तिनं आत येऊन माझे पाय धरले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी जाऊन आले."

"कुठं?"

"कोईमतूरला. एकटी."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. मिरजेहून बंगलोर, बंगलोरहून पुढं. भाषा येत नाही म्हणून नवऱ्याच्या पत्राचं पाकीट हातात धरलं आणि भेटेल त्याला पत्ता दाखवत गेली. बरोबर भाकरीसाठी जोंधळ्याचं पीठ आणि तवा. गाडीत एका मद्रासी बाईनं तिला केळीच्या पानावरचा भात दिला, हिनं तिला चटणी दिली. गलाईचं दुकान जिन्याखाली, तेजाबाचा वास इतका की डोळे चुरचुरतात. नवरा भट्टीसमोर बसला होता, वर बघून म्हणाला, "घरी कोन गेलं का?" त्याला वाटलं ही वाईट बातमी घेऊन आली. "म्हनलं, कुनी गेलं न्हाई, मीच आलीया, बघाया." तो तिच्याशी दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि तिला डोंगरावरच्या देवळाला नेलं. त्या देवळाचं दार उसाच्या गाडीपेक्षा उंच, वर चितारलेली माणसं इतकी की मान दुखते. हत्तीनं सोंड डोक्यावर ठेवली तर नाकातला वारा गरम लागला. पायऱ्यांवरची माती लाल होती, आपल्या साताऱ्याकडच्यासारखी, तिनं चिमूटभर पदराला बांधून आणली होती. ती सोडून तिनं मला दाखवली.

मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. वर्षभर मी ह्यांच्याकडून जे ओढून काढलं होतं, ते ती आपणहून ओतत होती. स्लाईड नव्हती, काठी नव्हती. मला तिचाही हेवा वाटला.

"सासू नको म्हनली, दीर नको म्हनला," ती सांगत होती. "मी म्हनलं, सांगलीची बाई जपानला एकटी गेली, तिथलं तीर्थ पिऊन आली, आन मला कोईमतूर लांब व्हय?" मग ती ह्यांच्याकडे वळली. "दादा, तुमी लय चांगलं मानूस. बायकोला एवढं लांब सोडलं. आन ह्यांनी ते तीर्थाचं सांगितलं तवा तर माझं डोळंच भरलं."

ह्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. हे माझ्याकडे बघत राहिले. मी ह्यांची बायको, मला ह्यांचा चेहरा वाचता येतो, आणि त्या वेळी तो वाचायचं मला धैर्य झालं नाही. मग हे वाकून स्क्रू शोधत म्हणाले, "व्हय. पानी लय गार हुतं म्हनत हुती."

मला ते सहन झालं नाही. हे ओरडले असते, तिच्यासमोर मला खोटं पाडलं असतं तर मी भांडले असते, सोपं गेलं असतं.

"मी गेले नव्हते हो," मी त्या बाईला म्हणाले. "हे गेले होते. ते पाणी ह्यांनी प्यायलं. मी इथंच होते, सांगलीत. मी कुठंच गेलेली नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. बशीतला चहा राहिला होता तो संपवला. आता ही उठेल, शेंगांची पिशवी उचलेल आणि विट्यात जाऊन सगळ्यांना सांगेल, असं मला वाटत होतं.

"मग आता जावा की," ती म्हणाली.

"इतकं सोपं आहे का ते?"

"मला तरी कुठं सोपं हुतं?" तिनं पदराची गाठ पुन्हा बांधली, पिशवी माझ्या हातात दिली, आणि तीनची एसटी गाठायची म्हणून चप्पल घातली. हे तिला स्टँडवर सोडायला गेले.

मी शेंगा घेऊन दारात उभी राहिले. ह्यांचा हेवा मी वर्षभर केला, पण ह्यांना कारखान्यानं धाडलं होतं. तिला कुणीच धाडलं नव्हतं. आणि मी, भूगोलात पहिली आलेली, मलाही कुणी तरी धाडेल म्हणून बसून होते.